ऑफ-व्हाइट शेड फायनल करायच्या आधी हे सगळं करा, मग पेंटरला तारीख द्या

दर वर्षी दिवाळीच्या आधी ओळखीतले दोन-तीन जण तरी हॉलचा फोटो पाठवतात आणि खाली लिहिलेलं असतं, "कार्डवर मस्त क्रीम दिसत होता गं, भिंतीवर गुलाबी आलाय, आता काय करू?" आता करण्यासारखं फार काही नसतं, कारण दोन हात मारून झालेले असतात, पेंटरचे पैसे दिलेले असतात आणि फर्निचर परत जागेवर लागलेलं असतं. प्रत्येकाकडे गोष्ट तीच असते. पेंटरने पुट्टी मारून, घासून, प्रायमर लावून भिंत तयार केली आणि सकाळी विचारलं "मॅडम शेड कुठली?", मग घाईघाईत दुकानात जाऊन ट्यूबलाइटखाली कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनातून शेड निवडली. गडद निळा किंवा मातकट लाल असा निवडला तर फार तर थोडा कमी-जास्त वाटतो. पण ऑफ-व्हाइटमधे मुळात रंगच इतका थोडा असतो की उजेड, फरशी, समोरची बिल्डिंग, दिवे सगळे मिळून त्याला हवं तिकडे ओढून नेतात.

म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. पेंटर यायच्या साधारण दहा दिवस आधी सुरू केलंत तर आरामात होतं, आणि पुढच्या पायरीची घाई करून मागची सोडलीत तर पुन्हा तिथेच यावं लागेल.

१. आधी दिवे आणि खोलीतल्या मोठ्या वस्तू पक्क्या करा

रंग लावून झाल्यावर दिवे बदलणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक आहे. नवीन घरात तर हे हमखास होतं, बिल्डरने दिलेल्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली शेड ठरते आणि मग फॉल्स सिलिंगमधे पिवळे लाइट लागतात.

एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर वॉर्म व्हाइट, ४००० च्या आसपास मधला आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ज्याला दुकानदार कूल डेलाइट म्हणतात. ३००० खाली क्रीमची शेड अजून पिवळी होते आणि राखाडी झाक असलेली शेड मळकट वाटते. ६५०० खाली तीच क्रीम थोडी निर्जीव, कधीकधी हिरवट दिसते. म्हणजे एकाच भिंतीला दोन वेगळे दिवे लावले तर दोन वेगळ्या शेड वाटाव्यात इतका फरक पडतो. खोक्यावर सीआरआय असाही एक आकडा असतो, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, तो ८० च्या खाली असेल तर रंग मेल्यासारखे दिसतात, ९० असेल तर उत्तम. मी हॉल-बेडरूमसाठी ४००० किंवा ३००० यातलं एक ठरवून सगळीकडे तेच लावा असं सांगते, एकाच खोलीत दोन प्रकार मिसळले की ऑफ-व्हाइट कधीच एकसारखा दिसत नाही, एक कोपरा पिवळा आणि दुसरा निळा.

दिव्यांसोबत पडदे, सोफ्याचं कापड आणि वॉर्डरोबचं लॅमिनेट पण याच टप्प्यात ठरवा. निदान कापडाचा तुकडा आणि लॅमिनेटचा नमुना तरी घरात हवा.

थांबा, तपासा: जे दिवे कायम राहणार आहेत तेच आत्ता खोलीत लागलेत का? नसतील तर निदान त्या केल्विनचा एक बल्ब आणून होल्डरला लावा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. खोलीतलं जे बदलणार नाही त्याची झाक ओळखा

झाक हा शब्द लक्षात ठेवा, सगळा खेळ त्याचाच आहे. ऑफ-व्हाइट म्हणजे पांढऱ्यात अगदी थोडा दुसरा रंग, आणि तो दुसरा रंग म्हणजे झाक. पिवळट, गुलाबट, हिरवट, राखाडी किंवा निळसर. सुटी शेड बघितली की झाक दिसत नाही, शेजारी दुसरं काही आलं की दिसते.

आणि तुमच्या खोलीत शेजारी काय येणार हे आधीच ठरलेलं आहे. फरशी. दार. खिडकीची चौकट. किचनमधे ओट्याचा ग्रॅनाइट आणि डॅडोच्या टाइल्स. भिंत दोन दिवसांत बदलता येते पण फरशी नाही, त्यामुळे भिंतीने फरशीशी जमवून घ्यायचं.

एक साधा कोरा ए-फोर कागद घ्या आणि दिवसाउजेडी फरशीवर ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमधे असते ती "आयव्हरी" व्हिट्रिफाइड टाइल कागदाशेजारी एकदम पिवळी नाही तर गुलाबट दिसायला लागते, आणि लोकांना धक्का बसतो कारण इतकी वर्षं ते तिला पांढरी समजत असतात. कोट्याची लादी हिरवट-राखाडी असते, शहाबादी राखाडी. जुन्या मोझॅकमधे कुठले खडे आहेत त्यावर ठरतं, लांबून बघा आणि डोळे थोडे बारीक करा म्हणजे एकूण रंग कळतो. सागवानी दारं आणि पॉलिश केलेलं लाकूड केशरी-तपकिरीकडे जातं.

ऑइलपेंट मारलेल्या पांढऱ्या चौकटी आणि ग्रिलकडे जरा नीट बघा. ऑइलपेंटचा पांढरा काही वर्षांनी पिवळा पडतो, आणि उजेड कमी असलेल्या जागी जास्त पडतो, म्हणजे पॅसेजमधलं किंवा दारामागचं ऑइलपेंट खिडकीजवळच्यापेक्षा पिवळं असतं. त्याच्या शेजारी राखाडी झाकेचा स्वच्छ ऑफ-व्हाइट लावलात तर चौकट अजून जुनाट दिसेल. तिला पुन्हा रंग देणार असाल तर आत्ताच ठरवा.

आमच्या वहिनीच्या ठाण्याच्या घरी असंच झालं. टाइल गुलाबट, आणि तिने निवडलेली शेड हिरवट-पिवळ्या झाकेची, कार्डवर अगदी साय वाटेल अशी. रंग लागल्यावर भिंत वाईट नव्हती पण फरशी मात्र मळलेली दिसायला लागली. ती दोन महिने वेगवेगळे क्लीनर आणून फरशी घासत होती. फरशी स्वच्छच होती, वरच्या हिरवटपणामुळे तिचा गुलाबी उठून दिसत होता.

एका कागदावर लिहून काढा: फरशी कुठल्या झाकेची, दारं, चौकटी, पडदे, मोठं फर्निचर. बहुतेक गोष्टी एका बाजूला झुकलेल्या असतील, उबदार म्हणजे पिवळट-गुलाबट, किंवा थंड म्हणजे राखाडी-निळसर-हिरवट. भिंत त्याच बाजूची निवडायची.

३. उजेड कुठून येतो ते बघा, पण दिशेवर विसंबून राहू नका

इंटरनेटवरच्या परदेशी लेखांत आणि व्हिडिओत उत्तरेची खोली थंड, दक्षिणेची उबदार असं ठामपणे सांगतात. ते त्यांच्या देशात खरं आहे. आपण बरेच खाली, विषुववृत्ताच्या जवळ आहोत. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेकडे असतो (शून्य सावलीचा दिवस आपण दोनदा बघतो तो याचमुळे), आणि उन्हाळ्यात उगवताना-मावळताना उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येऊ शकतं. दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर येतं ते थंडीत. त्यामुळे दिशा बघा, पण तेवढ्यावर थांबू नका.

फ्लॅटमधे त्याहून जास्त फरक पडतो तो खिडकीबाहेर काय आहे याने. समोर पंधरा-वीस फुटांवर दुसरी बिल्डिंग असेल तर तुमच्या खोलीत आभाळाचा उजेड कमी आणि त्या बिल्डिंगच्या भिंतीवरून उडालेला उजेड जास्त येतो. ती विटकरी असेल तर तुमचा ऑफ-व्हाइट गुलाबट होणार. खिडकीला टेकून झाड असेल तर हिरवट होणार. खाली पत्र्याची निळी शेड असेल तर ती सुद्धा छतावर निळसरपणा पाठवते, हे मी स्वतः बघितलंय.

माझ्या पुण्याच्या घरी हॉलच्या खिडकीसमोर मोठा वर्षावृक्ष आहे. मी निवडलेली शेड ताकासारखी होती, पांढरी आणि किंचित हिरवी-राखाडी. फेब्रुवारीत रंग दिला तेव्हा झाडाची पानं विरळ होती आणि हॉल सुंदर दिसत होता. जूनमधे झाड भरलं, आभाळ भरून आलं, आणि घर चार महिने आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं दिसत राहिलं. पुढच्या वर्षी किंचित गुलाबट शेडचे दोन हात मारले तेव्हा कुठे डोळ्याला बरं वाटलं. बाहेरचा हिरवा आणि भिंतीतला गुलाबट एकमेकांना दाबून टाकतात, हे तेव्हा पदरचे पैसे घालून शिकले.

हे करा: दुपारी बारा-एकच्या सुमाराला दिवे बंद करून खिडकीच्या समोरच्या भिंतीवर कोरा कागद धरा आणि दुसरा कागद बाल्कनीत किंवा गच्चीत मोकळ्या आभाळाखाली, सावलीत बघून या. खोलीतला कागद कुठल्या रंगाकडे झुकलाय? तोच रंग तुमच्या भिंतीवर फुकटात येणार आहे, त्यामुळे शेडमधे तो अजून घालू नका.

अंधाऱ्या खोलीबद्दल एक वेगळी सूचना. उजेड कमी आहे म्हणून लोक सगळ्यात पांढरी शेड घेतात. पण पांढऱ्याला परत फेकायला उजेडच नसेल तर तो सावलीत राखाडी दिसतो, जिन्यातल्या भिंतीसारखा. अशा खोलीत थोडी पिवळट, लोण्याकडे झुकणारी शेड जास्त जिवंत वाटते.

४. आता शेड कार्ड हातात घ्या

इथपर्यंत दुकानात जायचं नाही. गेलात तरी कार्ड घरी घेऊन या, दुकानात काही ठरवू नका.

झाक ओळखायच्या दोन रीती सांगते. पहिली, कार्डच्या पट्टीवर सगळ्यात फिकट शेडच्या खाली त्याच घराण्यातल्या गडद शेड असतात, त्या बघा. वरचा फिकट चौकोन "पांढराच तर आहे" असं वाटतं पण खालचा सगळ्यात गडद चौकोन पिस्ता असेल तर वरच्यात हिरवा आहेच, खालचा विटकरी असेल तर वरच्यात गुलाबी आहेच. ही युक्ती साधी आहे आणि फसत फार क्वचित.

दुसरी, दोन-दोन शेड एकमेकींना चिकटवून बघा. कोऱ्या कागदाशेजारी सगळेच ऑफ-व्हाइट पिवळे दिसतात कारण प्रिंटरच्या कागदात चकाकी आणणारं द्रव्य असतं आणि तो किंचित निळसर असतो. एकमेकींशेजारी ठेवल्या की मात्र एक लगेच गुलाबट आणि दुसरी हिरवट होते.

नावांवर जाऊ नका. आयव्हरी, पर्ल, लिनन, व्हॅनिला ही नावं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते, एकाचा आयव्हरी दुसऱ्याच्या क्रीमपेक्षा पिवळा असू शकतो. मी आपली घरातली नावं देते आणि कार्डच्या मागे पेन्सिलीने लिहिते: साय, लोणी, ताक, ज्वारीचं पीठ, नारळाचं दूध, मोतिया. ऐकायला साधं वाटेल पण तीन दिवसांनी "ती ज्वारीच्या पिठाची" म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळतं कुठली ते, कोड सांगितला तर कोणाला कळत नाही.

काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. ० म्हणजे उजेड पूर्ण गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. ऑफ-व्हाइट बहुतेक ७० च्या वर असतात. दोन शेडमधे हा आकडा दोन-तीनने कमी-जास्त असेल तर त्यावर वेळ घालवू नका, झाक बघा.

या टप्प्याला जास्तीत जास्त तीन शेड उरवायच्या. तुमच्या कागदावरच्या यादीशी न जुळणाऱ्या झाकेच्या सरळ बाजूला काढा, कितीही आवडल्या तरी. आणि एक गोष्ट आत्ताच धरून चाला: कार्डवर दिसते त्यापेक्षा शेड खोलीत जास्त गडद आणि जास्त रंगीत दिसेल. चार भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि प्रत्येक फेकीत झाक वाढत जाते, कोपऱ्यात तर हे स्पष्ट दिसतं. त्यामुळे दोन शेडमधे अडकलात तर फिकट किंवा थोडी राखाडीकडे झुकणारी घ्या.

सावधान: फोनवर, कंपनीच्या अ‍ॅपमधे किंवा कोणाच्या घरचा फोटो बघून शेड पक्की करू नका. कॅमेरा पांढरा रंग आपोआप "सुधारतो", तुमचा क्रीम तो पांढरा करतो आणि पांढरा निळा. बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून मत घेतलंत तर ते मत तुमच्या भिंतीबद्दल नसतं, तिच्या स्क्रीनबद्दल असतं.

५. सॅम्पल बोर्ड बनवा, भिंतीवर ठिपके मारू नका

पेंटर सहसा ब्रशने भिंतीवर हातभर पट्टे ओढून दाखवतो. त्याचा काही उपयोग नाही. जुनी भिंत पिस्ता असेल तर तिच्या शेजारी कुठलाही ऑफ-व्हाइट गुलाबट दिसणारच, आणि एकाच हातातून खालचा रंग डोकावतो तो वेगळाच.

लागणारं सामान: साधारण दोन बाय दोन फुटांचे प्लाय, एमडीएफ किंवा हार्डबोर्डचे तुकडे, प्रत्येक शेडला दोन. सुतारकाम चालू असेल तर फुकट मिळतील. नसतील तर स्टेशनरीतला जाड पांढरा कार्डशीट चालतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पाण्याने वाकतो, तो नको.

बोर्डला एक हात पांढरा प्रायमर, वाळल्यावर शेडचे दोन हात, भिंतीला वापरणार त्याच प्रकारच्या रोलरने. प्रत्येक हातामधे डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि शेवटचा हात झाल्यावर एक पूर्ण दिवस थांबा. ओला इमल्शन (भिंतीला लावायचा, पाण्यात मिसळणारा रंग) फिका दिसतो आणि वाळला की थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्या बोर्डवरून काहीही बोलू नका. मागे कोड, कंपनी, फिनिश आणि तुमचं टोपणनाव लिहा.

सॅम्पल त्याच प्रॉडक्टमधे आणि त्याच फिनिशमधे घ्या. मॅटमधला (चकाकी नसलेला) आणि शीनमधला (हलकी चकाकी असलेला) तोच कोड वेगळा दिसतो कारण शीन खिडकीचा उजेड परत फेकते. "सॅम्पलला स्वस्तातला घेऊ, शेड सेम टू सेम येते" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. छोटा सॅम्पल डबा मिळाला तर बरं, नाही तर १ लिटर घ्या. तीन शेडचे तीन लिटर म्हणजे पैसे जातात हे खरंय, पण अख्खा हॉल पुन्हा रंगवण्यापेक्षा कितीतरी कमी जातात, आणि उरलेला रंग कपाटाच्या आत किंवा माळ्याला लावता येतो.

६. दोन दिवस बघा, आणि असं बघा

बोर्ड उभा ठेवा, भिंतीला टेकवून. टेबलावर आडवा ठेवून बघणारे खूप आहेत, पण आडव्यावर छताचा आणि दिव्याचा उजेड सरळ पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. मागची जुनी भिंत रंगीत असेल तर आधी तिच्यावर जुनी पांढरी चादर लावा म्हणजे डोळ्याला जुना रंग दिसणार नाही.

एकाच शेडचे दोन बोर्ड म्हणून करायला सांगितले की ते कोपऱ्यात काटकोनात उभे करायचे. मधल्या फटीजवळ जो रंग दिसतो तो पूर्ण रंगवलेल्या खोलीच्या सगळ्यात जवळ असतो. पाच शेडमधल्या दोन तरी मी याच परीक्षेत बाद होताना बघितल्यात, सपाट बोर्डवर साय वाटणारी शेड कोपऱ्यात चक्क आइस्क्रीमचा गुलाबी होते.

मग ही फेरी:

सकाळी आठ-नऊला, दिवे बंद.
दुपारी एकला, दिवे बंद, पडदे अर्धे ओढून आणि पूर्ण उघडून.
संध्याकाळी ऊन उतरताना, पश्चिमेची खोली असेल तर ही वेळ चुकवू नका, तेव्हा पिवळट शेड एकदम हळदीकडे जाऊ शकते.
रात्री, कायमचे दिवे लावून, टीव्ही बघता त्या जागी बसून.

दर वेळी बोर्ड खिडकीच्या समोरच्या भिंतीला आणि खिडकीच्या शेजारच्या भिंतीला असा दोन्हीकडे ठेवा. खिडकीची स्वतःची भिंत कायम सगळ्यात काळवंडलेली दिसते, तिच्यावरून निर्णय घेऊ नका पण ती किती काळवंडते ते बघून ठेवा. बोर्डच्या खाली फरशी दिसू द्या, शेजारी दाराची चौकट, वर पडद्याचा तुकडा धरा. एक पांढरा मॉड्युलर स्विच पण जवळ ठेवा, तो भिंतीवर कायम असणार आहे आणि शुद्ध पांढरा असतो, त्यामुळे काही क्रीम शेड त्याच्या शेजारी जुनाट वाटतात.

बाहेरच्या उन्हातून आत आलात तर लगेच बघू नका, दहा मिनिटं बसा. आणि एका शेडकडे टक लावून बघत राहू नका, थोड्या वेळाने डोळा तिलाच पांढरा मानायला लागतो. बघा, दुसऱ्या खोलीत जाऊन या, पुन्हा बघा, आणि आत आल्यावर पहिल्यांदा जे वाटलं ते लिहा.

तपासणी: पावसाळ्यात किंवा ढगाळ दिवशी एकदा तरी बघता आलं का? आपल्याकडे चार महिने तोच उजेड असतो. ढग नसतील तर पहाटे सूर्य उगवायच्या आधी बघा, अगदी तसाच नाही पण अंदाज येतो.

७. तीनमधून एक

तिन्ही एकदम मांडून "कुठली छान?" विचारलं की घरात चार मतं येतात. दोन-दोनच्या जोडीत ठेवा. आणि छान कुठली हे विचारू नका, कुठली खटकते ते विचारा. कुठल्या शेडमधे फरशी मळकी दिसते? कुठल्या शेडमधे रात्री खोली पिवळी होते? जी खटकते ती बाहेर. उरलेल्या दोनमधे खरंच काही खटकत नसेल आणि फरक फक्त तुम्हालाच, तोही बोर्ड शेजारी ठेवल्यावरच दिसत असेल, तर कुठलीही घ्या आणि पुढे चला. दोन आठवडे त्यात घालवणारे लोक मला माहितीयत, खोली रंगल्यावर तुलनेला दुसरी शेड समोर नसतेच.

फिनिशबद्दल थोडक्यात. मॅटमधे भिंतीचे उंचवटे लपतात आणि ऑफ-व्हाइट शांत दिसतो, पण हाताचे डाग पडतात. लहान मुलं असतील किंवा पॅसेज असेल तर हलकी शीन. देवघराजवळ समई-उदबत्तीची काजळी बसते तिथे धुता येणारा रंग घ्या. जास्त चकाकी मात्र पुट्टी नीट नसेल तर प्रत्येक लाट दाखवते, विशेषतः खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर.

सिलिंग. डोळे झाकून शुद्ध पांढरा मारतात, आणि राखाडी झाकेच्या भिंतीबरोबर तो छान दिसतो. पण पिवळट-गुलाबट भिंतीवर एकदम शुभ्र छत आलं की भिंत जुनी झाल्यासारखी वाटते. अशा वेळी छताला पण भिंतीचीच शेड मॅटमधे द्या. बोर्ड छताला टेकवून एकदा बघाच, स्टूलवर चढायला दोन मिनिटं लागतात.

८. डबे घेताना

आधी हिशोब. समजा खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९.५ म्हणजे ४१८ चौरस फूट. एक दार साधारण २१ आणि खिडकी २० वजा केली की ३७७. चांगल्या इमल्शनचे दोन हात १ लिटरमधे साधारण ६० ते ७० चौरस फूट होतात, नक्की आकडा तुमच्या डब्यावर बघा. ६५ धरला तर ५.८ लिटर, म्हणजे ६ लिटर, वर टचअपसाठी १ लिटर.

हे सगळं एकदम, एकाच दिवशी, दुकानातल्या शेड बनवणाऱ्या एकाच मशीनवर करून घ्या. ऑफ-व्हाइटमधे रंगद्रव्य अगदी थेंबाथेंबाने पडतं, त्यामुळे मशीनमधली छोटीशी चूक सुद्धा दिसते, आणि लहान डब्यात जास्त दिसते. गडद रंगात अर्धा थेंब कमी-जास्त झालेला कळत नाही, इथे कळतो. शक्य तितका मोठा डबा घ्या. डबे वेगवेगळे असतील तर घरी आल्यावर सगळे एका मोठ्या बादलीत ओतून, ढवळून, परत भरा. पेंटर कंटाळा करेल, तरी करून घ्या, नाही तर एका भिंतीच्या मधे डबा संपतो आणि तिथे कायमची रेघ राहते.

एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या बेसमधे (रंगद्रव्य घालायच्या आधीच्या पेंटमधे) "मॅच" करून घेऊ नका. आणि पेंटर पांढऱ्या डब्यात स्टेनर, म्हणजे सुटं रंगद्रव्य, टाकून हाताने शेड बनवून देतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. काकांचा हात कितीही बसलेला असला तरी सहा महिन्यांनी टचअपला तीच शेड परत बनत नाही.

बादलीत ओतायच्या आधी डबा उघडून बोटभर रंग बोर्डच्या कोपऱ्यावर लावा आणि वाळू द्या. वाळल्यावर डाग दिसला नाही तर शेड बरोबर आहे. दिसला तर सिलिंगच्याही आधी थांबा आणि डबा दुकानात परत न्या, तो अजून न वापरलेला आहे तोवर बोलता येतं.

९. भिंतीवर चढवताना

भिंत ओली नको. शंका असेल तिथे प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतून दव धरलं तर ओल आहे, आधी तिचा बंदोबस्त करा. ऑफ-व्हाइटवर ओलीचा पिवळा डाग सगळ्यात आधी दिसतो.

जुना रंग गडद असेल तर पूर्ण भिंतीला प्रायमर हवाच, फक्त पुट्टी मारलेल्या जागी नाही. नुसत्या ठिगळांना प्रायमर मारला तर दोन हातांनंतर सुद्धा भिंतीवर ढगांसारखे आकार दिसतात आणि दोष शेडला दिला जातो.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. पातळ केलेल्या रंगातून खालचं दिसतं आणि तुमची साय ताकासारखी होते. पहिला हात चट्टेपट्टे घेऊनच येतो, तो बघून घाबरू नका आणि घाबरून शेड बदलू नका. पहिला हात पूर्ण वाळल्यावर बोर्ड भिंतीला चिकटवून धरा आणि झाक तीच आहे का तेवढंच बघा, दिवसा एकदा आणि दिवे लावून एकदा. झाक जुळत असेल तर दुसरा हात मारायला सांगा.

दुसरा हात झाला की उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, वर हवा राहिली की साय धरते. बरणीवर आणि वॉर्डरोबच्या दाराच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे कागद चिकटवा: कंपनी, प्रॉडक्ट, फिनिश, कोड, बॅच नंबर, किती पाणी घातलं, तारीख आणि कुठली खोली. डब्यावरचं मशीनचं स्टिकर फोटो काढून ठेवा, डबे पेंटर घेऊन जातो.